मंगळावरची मेंढरं, पान चौदा

१ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: मराठी साहित्यातला एक मोठा अन्याय दूर करणे. काल कॉलेजच्या लायब्ररीतली रद्दी टेम्पोत भरत होते. त्यातून शहादेव गर्कळ या लेखकाच्या तीन कादंबऱ्या मी स्वतःच्या हातांनी ओढून काढल्या. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या. पहिलीचं नाव 'मंगळावरची मेंढरं', बाकीच्या दोन तिचेच पुढचे भाग. दुष्काळात एक धनगर चाऱ्यासाठी कळप घेऊन थेट मंगळावर जातो. विज्ञान आणि अद्भुत एकत्र, तेही आपल्या बीड जिल्ह्यातलं! एकाही समीक्षकाला पत्ता नाही. म्हणजे शोधणारा पहिला मीच. एका बैठकीत बारा पानं वाचली. लेखक थोर आहे.

२ जानेवारी
पुस्तकं जपायला हवीत, पानं पापडासारखी मोडतात. तिन्ही लाल कापडात बांधून हॉलच्या कोनाड्यात ठेवली. आईला बजावलं: ही साधी पुस्तकं नाहीत, पारोशानं हात लावायचा नाही. तिनं लगेच डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. युसूफ वडगावात साहित्याची अशी कदर आहे.

लेखकाच्या वारसांना मांजरसुंब्याच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं.

५ जानेवारी
पान चौदा. हे पान फार सखोल आहे. दोनदा झोप लागली. सखोल लेखनाचं ते लक्षणच असतं.

पुढच्या योजना: चरित्र, गौरवग्रंथ, अंबाजोगाईला परिसंवाद, नवी आवृत्ती, तिला माझी प्रस्तावना. संगीताला म्हणालो, तुझ्या नवऱ्याचं नाव आता महाराष्ट्रभर होणार. ती म्हणाली, "आधी गॅसचा नंबर लावा."

९ जानेवारी
फोन आला. वारसांचा नाही, खुद्द लेखकाचा. शहादेव गर्कळ हयात आहेत. थोडी निराशा झाली, कारण मरणोत्तर पुरस्काराची घोषणा माझ्या डोक्यात पक्की होती.

पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. म्हणाले, "सर, माझी पुस्तकं भेळवाल्यांनी संपवली बगा. मंग मी लिव्हनंच सोडलं. तुमी खरंच वाचली का?" मी म्हणालो, अक्षरन् अक्षर. तेव्हा ते म्हणाले, की पुण्याचा एक प्रकाशक नवी आवृत्ती काढायला तयार आहे, प्रस्तावना मागतोय. ज्यानं मनापासून वाचलंय त्यालाच ती लिहू देणार.

म्हणजे ठरलंच. राहिलेली पानं या रविवारी.

१४ जानेवारी
रविवारी पाहुणे. आज संक्रांत. तिळाच्या पोळ्या जरा जास्त झाल्या. वाचन नाही.

२० जानेवारी
कॉलेजातून लवकर आलो तर हॉलभर बायका. आईनं कसलंसं पारायण बसवलंय. वाचतेय संगीता, बाकीच्या ऐकतायत. कोपऱ्यात कुणीतरी हुंदके देत होतं. बायकांच्या घोळक्याकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही, म्हणून सरळ खोलीत गेलो आणि दार लावून प्रस्तावनेला बसलो. असल्या गोंगाटात संशोधन कसं व्हायचं? तरी पहिला शब्द पक्का झाला: 'मी'.

२४ जानेवारी
आज निग्रहानं बोचकं सोडलं. पुस्तकांवर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं! माझ्या अभ्यासावर आईची केवढी ही श्रद्धा. डोळे भरून आले. तिसऱ्या कादंबरीत मधोमध मोरपीस सापडलं, लायब्ररीच्या काळातलं असणार. पान चौदावरचं माझं एसटीचं तिकीट मात्र जागच्या जागी. मन इतकं हळवं झालं की वाचन जमलं नाही.

२८ जानेवारी
लखन दूध घालायला आला आणि दारातच घुटमळला. म्हणाला, "सर, चांदणी वापस येती का हो? तुमाला म्हाईत असंल. आमच्या मंडळीनं कालपस्नं घास गिळला न्हाई." त्याची म्हैस चोरीला गेलेली दिसते. मी पोलिसांत तक्रार द्यायला सांगितलं, आणि खोटी आशा नको म्हणून हेही सांगितलं, की गेलेलं जनावर सहसा परत येत नसतं. तो रडकुंडीला आला. दुधात आज पाणीही नव्हतं, एवढा बिचारा हबकलाय.

३ फेब्रुवारी
परिसंवाद येत्या रविवारी, ९ तारखेला. अंबाजोगाईत हॉल मिळाला नाही, म्हणून आमच्याच ग्रामपंचायतीचा घेतला. चौकात फ्लेक्स लावला. माझा फोटो मोठा, खाली 'भागवत सर'. लेखकाचा नव्हता, म्हणून मंगळाचा टाकला. झाडून सगळ्या प्राध्यापकांना निमंत्रणं गेली.

आई म्हणाली, "त्याच दिशी मारुतीच्या देवळात आमची समाप्ती हाय. तुजं तू फुडं ढकल." मी म्हणालो, तुमची पोथी कुठं पळून चाललीय? ती म्हणाली, "आचारी सांगून झालाय." आचाऱ्यापुढे साहित्याचं काय चालणार.

८ फेब्रुवारी
आज संपवायचंच म्हणून कोनाड्यात हात घातला तर बोचकं गायब. संगीता म्हणाली, "आत्याबाईंनी उचलून ठेवलंय, उद्या दिसंल." आईनं बरंच केलं. न वाचलेल्या शेवटाबद्दल माणूस जास्त मोकळेपणानं बोलू शकतो.

भाषण तयार: शेवटी सगळी मेंढरं मरतात, एकटा धनगर उरतो, मानवी एकाकीपणा वगैरे. थोर कादंबऱ्यांचा शेवट असाच असतो.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
घडलं ते घडलं तसं लिहितो.

गर्कळसाहेब एसटीनं आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. हॉलमध्ये ते, मी आणि ग्रामपंचायतीचा शिपाई सिदू. प्राध्यापकांना म्हणे लग्नं होती. रसिक वाटेत आहेत असं सांगून मी भाषण सुरू केलं आणि थेट शेवटावर आलो. मेंढरं मरतात म्हटल्यावर साहेबांनी चहाचा कप तोंडाशी तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात देवळावरचा भोंगा सुरू झाला. संगीताचा आवाज: "आणि लाल धुळीच्या पलीकडून चांदणीच्या गळ्यातली घंटी वाजली..."

साहेब उठले. मी म्हणालो, बसा हो, बायकांचं पारायण आहे. ते म्हणाले, "सर, हे वाक्य माझं हाय."

कप हातातच घेऊन ते निघाले, मागं शाल घेऊन मी, त्यामागं कपासाठी सिदू. देवळापुढं अख्खं गाव मांडी घालून बसलेलं. पाटावर लाल कापड, त्यावर माझ्या तिन्ही कादंबऱ्या. चांदणी म्हणजे लखनची म्हैस नव्हे. ती मंगळावर हरवलेली मेंढी आहे. आज ती परत आली. लखन उभा राहून ओरडला, "आली बे, आली!" आणि मग माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी खांबाआड झालो.

लेखक मंडपात उभे राहून लहान पोरासारखे रडत होते. आईनं विचारलं, "कोण हो तुमी? कावून रडताव?" त्यांनी सांगितलं. गाव उठून उभं राहिलं. बायका पाया पडायला पुढं आल्या. आईनं माझ्या हातातली शाल काढून घेतली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. चुलवणाचा धूर होता, पण सगळं पाणी धुराचं नव्हतं.

जेवायला बसल्यावर आईला हळूच विचारलं, ही पोथी नाही हे तुला कळलं नाही? ती म्हणाली, "पयल्याच दिशी कळलं की. देव कुटंच आला न्हाई. पर मेंढरू हरवल्यालं असताना मधीच कसं उठावं, भागवता?"

संगीताला म्हणालो, निदान तू तरी सांगायचंस. ती म्हणाली, "मला वाटलं तुमी वाचलीय."

१० फेब्रुवारी
प्रस्तावना आई सांगणार, संगीता लिहून घेणार. लेखकांनी जिलेबी खातानाच जाहीर केलं. आईची अट एकच होती, चौथी कादंबरी लिहायची. साहेबांनी तिच्यापुढं कान धरले आणि कबूल केलं. प्रस्तावनेत माझाही उल्लेख येणार आहे, लाल कापड दिल्याबद्दल.

फ्लेक्स लखननं गोठ्यावर ताणलाय. मंगळ बाहेरच्या बाजूला, मी म्हशींकडं.

सकाळी उठल्या उठल्या कोनाड्यात हात घातला. संकल्प मोडलेला नाही, उशीर झालाय इतकंच. आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "पारोशानं हात लावायचा न्हाई! तूच सांगितलंस न्हवं?"

बंबात पाणी तापतंय. कोनाड्यासमोर टॉवेल घेऊन बसलोय. पान चौदा.