दुमजली घर, स्केल एकास तीस

२४ जानेवारी, दुपार
नवी रोजनिशी. ट्रक युनियनच्या ऑफिसातून रिटायर होताना उचलून आणली होती, आज मुहूर्त लागला. घर बांधायचं ठरलं. दुमजली! मागची मातीची खोली पाडायची, खाली मी आणि बायको बासिलिया, वर योवाना आणि जावई.

योवाना ओरुरोला भाड्याच्या एका खोलीत राहते. जावयाला त्याचा चुलतभाऊ चिलीत, इकिके बंदरावर कामाला बोलावतोय. पोरीने फोनवर सरळ सांगितलं, पप्पा, वर दोन खोल्या झाल्या तर आम्ही तिकडे एल आल्तोला तुमच्याकडे येतो, नाहीतर वर्षअखेरीला इकिके. एकुलती एक पोर. परमुलखात गेली की सणासुदीला तरी दिसेल का? बासिलियाला ही धास्ती जाणवू दिली नाही.

म्हणून आज अलासितास जत्रा गाठली. एकेको देवाच्या या जत्रेत जे छोटं घ्यावं ते वर्षभरात मोठं होऊन घरी येतं. फक्त त्याला बरोबर दुपारी बाराला धुरी मिळायला हवी. प्लास्टरचं दुमजली घर घेतलं. एक वीत उंच. केशरी भिंती, हिरव्या कमानी, खिडक्यांना आरशाचे तुकडे. सोबत सिमेंटच्या गोण्या भरलेला ट्रक. बाई चाळीस बोलिव्हियानो म्हणत होती, मी पस्तीसवर आणली. त्या घासाघिशीत बारा वाजून गेले. बासिलिया भर जत्रेत माझ्यावर खेकसली. भगताने दिली धुरी, जरा उशिरा. देव काय घड्याळ लावून बसतो?

स्वतःसाठी इंजिनिअरची पदवी घेतली. बोटभर. त्यावर माझं नाव घालून दिलं. तिलाही धुरी दिली.

२ फेब्रुवारी
एस्टिमेट तयार! लोक उगाच बाऊ करतात. घराची उंची मोजली. खरं घर त्याच्या तीसपट. किंमत पस्तीस, गुणिले तीस. एक हजार पन्नास बोलिव्हियानो. बांधकामवाले किती लुटतात लोकांना! युनियनचा जुना शिक्का मारला आणि सही केली: इंजि. हिलारिओन तिकोना.

बासिलियाला दाखवलं. ती पहाटे चौकात जांभळ्या मक्याची गरम पेज विकते, घरातली सगळी शिल्लक तिचीच. ती म्हणाली, एवढ्यात दाराची कडी येईल, आणि तीही घासाघीस केली तर. बायकांना स्केल कळत नाही.

१९ फेब्रुवारी
कार्निव्हल. काही केलं नाही. देशात कुणीच केलं नाही.

५ मार्च
एस्टिमेट सुधारलं. छोट्या वस्तूत मजुरी धरलेली नसते हे लक्षात आलं. (कुणी सांगितलं नाही. माझं मलाच आलं. बासिलियाने फक्त तोंड वाकडं केलं होतं.) आता ट्रकवरच्या गोण्या मोजल्या. सहा. गुणिले तीस. विटांसाठी भिंतीवर रंगवलेल्या रेघा मोजतोय. मागच्या बाजूला रेघा नाहीत, म्हणजे तिथे विटा लागणार नाहीत. केवढी बचत!

११ एप्रिल
कासिमीरो मिस्त्री आला. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, शब्दाशब्दाला इंजिनिअरसाहेब. माणसं ओळखतो. त्याने प्लॅन मागितला. मी घर त्याच्या हातात ठेवलं. त्याने उलटंपालटं केलं, आत फुंकर मारली आणि विचारलं, साहेब, कागद? मी म्हणालो, कागदावर कुणीही काढेल, मी वस्तू दिलीये. तो म्हणाला, तुमचं घर, तुमची मर्जी.

मागच्या भिंतीला विटा लागतातच असा त्याचा हट्ट. दिल्या.

घराच्या पायात वाळलेलं लामाचं पिल्लू पुरायचं, मिठाई पुरायची, दारू शिंपडायची. नाहीतर धरणीमाता भिंत उभी राहू देत नाही. हे एस्टिमेटमध्ये नव्हतं. ‘इतर खर्च’ असं सदर उघडलं. दारू धरणीमातेला थोडी मिळाली, कासिमीरोला जास्त.

१४ जून
आनंदाची बातमी! योवानाला दिवस गेलेत. जानेवारीत बाळ. बासिलिया रडली. माझ्या डोळ्यांत सिमेंट गेलं होतं. आता पोरीला इकिकेला जाऊ देणं शक्यच नाही. वरच्या खोलीत पाळणा कुठे टांगायचा ते ठरवलं. खिडकीशी. तिथून इयिमानी डोंगराचं बर्फ दिसतं.

संकल्प: घर नाताळाच्या आधी पूर्ण. एकही पैसा वायफळ नाही.

१६ जून
वायफळ पैसा सापडला! मिस्त्रीची यादी तपासत बसलो होतो. त्यात चक्क ‘जिना’ असं लिहिलेलं. सळया, सिमेंट, फळ्या, मजुरी, आकडा बघून घाम फुटला. ताबडतोब मॉडेल घेतलं. चारी बाजूंनी बघितलं. खिडकीतून विजेरी मारून आत बघितलं. जिना नाही! देवाच्या जत्रेत, धुरी दिलेल्या घरात जे नाही, ते हा मनाने घालतोय. रंगेहाथ पकडला. लाल पेनने खोडलं, शिक्का मारला.

कासिमीरोला बोलावून सुनावलं. मॉडेलमध्ये असेल तेवढंच बांधायचं, वर एक वीट नको. त्याने पेन्सिल कानामागे खोचली. मग म्हणाला, इंजिनिअर तुम्ही. वरमला असावा.

बासिलियाला सांगितलं, आज मी मोठी चोरी पकडली. ती म्हणाली, शाब्बास, आता पेजेचं भांडं घास.

२१ जून
आमच्या लोकांचं, जुन्या पंचांगाचं नवं वर्ष. उगवत्या सूर्यासमोर सगळे हात पसरून उभे. मी पांघरुणातून हात पसरले. ऐन हिवाळा, थंडी भयंकर. भिंती माझ्या खांद्यापर्यंत आल्यात.

१७ ऑगस्ट
स्लॅब पडला! सगळी गल्ली मदतीला आली. बायकांनी डुकराच्या मटणाचा झणझणीत रस्सा केला, बँडवालेही आले (इतर खर्च). कासिमीरो शिडी लावून वर गेला, बिअरची बाटली फोडली, तिथेच नाचला. मीही शिडीने वर गेलो. काय ते दृश्य! वाटलं, आयुष्यात एक तरी काम बिनचूक केलं.

बासिलियाने खालून ओरडून विचारलं, जिना कुठे येणार? मी वरून म्हणालो, तो फिनिशिंगचा भाग असतो. बँडच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं. तेच बरं.

२० ऑगस्ट
जिना फिनिशिंगचा भाग नसतो. स्लॅबमध्ये आधीच भोक ठेवावं लागतं म्हणे. हे मला कुणी सांगायचं? कासिमीरो म्हणतो, यादीत सांगितलं होतं. यादीत सांगणं म्हणजे काय सांगणं झालं?

घाबरण्याचं कारण नाही. बाहेरून करता येईल.

३ सप्टेंबर
बाहेर जागा शोधली. डावीकडे शेजाऱ्याची भिंत. उजवीकडे दुसऱ्या शेजाऱ्याची भिंत. समोर रस्ता, नगरपालिकेचा. मागे अंगण, तिथे बासिलियाने पेजेची नवी चूल घातलीये. ती हलवू का म्हणून विचारलं. तिने झारा उचलला. विषय संपला.

१० ऑक्टोबर
जिन्यात वाचलेल्या पैशांचं काय करायचं यावर विचार करून ते दर्शनी भागावर लावले. केशरी रंग, हिरव्या कमानी, आरसे. हुबेहूब मॉडेल! मिनीबसवाले हळू करून बघतात. शेजारीण म्हणाली, राजवाडा आहे हो, आत जायचं कुठून? दार दाखवलं. ती म्हणाली, वर हो, वर. जळते.

बासिलियाला कळलं की ते पैसे उरले होते आणि आता उरले नाहीत. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. घरात शांतता आहे, काम चांगलं होतं.

२१ नोव्हेंबर
योवाना आली! ट्रंक, गाद्या, पाळणा, पोट. पोरगी फिकी पडलीये, हडकली पण आहे. मी तिला अंगणात नेलं आणि डोळे मिटायला लावून वरच्या खोल्या दाखवल्या. निळा रंग, पडदे, सगळं तयार. तिने डोळे उघडले, वर बघितलं. मग शिडीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

जावई रेम्बेर्तो ट्रंक डोक्यावर घेऊन उभा होता. त्याने ती खाली ठेवली आणि तिच्यावर बसून हसायला लागला. थांबेचना. योवाना हसली नाही. म्हणाली, पप्पा, या पोटाने मी शिडी चढू? मी म्हणालो, सवयीचा प्रश्न आहे. बासिलिया सहा आठवड्यांनी पहिल्यांदा बोलली. काय बोलली ते इथे लिहीत नाही.

२२ नोव्हेंबर
तोडगा काढला. योवाना आणि जावई खाली, आमच्या खोलीत. आम्ही वर. बासिलिया म्हणते, एवढा घेरदार घागरा घालून शिडी चढले तर गल्लीला तमाशा. तिने स्वयंपाकघरात गादी टाकली. सबब संपूर्ण वरचा मजला माझा! पाळणा ठरल्याप्रमाणे वर खिडकीशी टांगला. दोन खोल्या, उजेड, शांतता, बर्फाचा डोंगर. एवढी जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती.

जेवण टोपलीतून दोरीने येतं. कधीकधी गरम असतं.

३१ डिसेंबर
खालून हसण्याचे आवाज येतात. वर्ष संपताना खायची बारा द्राक्षं टोपलीतून आली, प्रत्येकाला एक इच्छा धरून खाल्ली. अकरा इच्छा इकिकेबद्दल. रेम्बेर्तोच्या चुलतभावाचा आज पुन्हा फोन आला. दारं बंद होती, ऐकू आलं नाही. ते जाणार की राहणार, मला कुणी सांगत नाही. विचारायला खाली जावं म्हटलं तर गुडघा. शिडीची पाचवी पायरी निसटते. बाळ झालं की इथून चिलीची बस धरतील, हेच डोक्यात फिरतंय. पोरीला बोलावून शेवटी मीच पाठवणार की काय?

१४ जानेवारी
जिन्याचं एस्टिमेट सुरू केलं. आधार कशाचा घ्यावा कळत नाही.

२४ जानेवारी, सकाळ
कासिमीरो आला होता. दुसऱ्या कामावर स्लॅब आहे म्हणून त्याची शिडी घेऊन गेला. संध्याकाळी आणतो म्हणाला. मी म्हणालो, खुशाल ने, मला कुठे जायचंय?

२४ जानेवारी, साडेअकरा
खाली धावपळ. योवानाच्या कळा सुरू झाल्या! पाच दिवस आधीच. सुईण आली, शेजारीण आली. रेम्बेर्तोला बासिलियाने हाकलून दिलंय, घरात पायात येत होता म्हणून. मी ओरडून विचारलं, काय करू? बासिलिया म्हणाली, गप्प बस.

गप्प बसलोय. पोरगी कण्हते ते फरशीतून ऐकू येतं. फरशीला हात लावून बसलोय. त्याचा काही उपयोग नाही. तरी बसलोय.

२४ जानेवारी, बारा
गावभर चर्चच्या घंटा वाजल्या, जत्रेची वेळ. आणि खालून बाळ रडलं. बरोबर बाराला. या वेळी वेळ चुकली नाही.

२४ जानेवारी, दोन
नात झाली. शेजारणीने पाहिली, पेजेच्या गिऱ्हाइकांनी पाहिली, समोरच्या मिनीबसच्या ड्रायव्हरने पाहिली. मी राहिलोय. बासिलियाने तिला दुलईत गुंडाळून अंगणात धरलं, मी पोटावर आडवा होऊन कठड्याखालून वाकलो. टोपी दिसली. पिवळी आहे.

मी धीर करून विचारलं, इकिकेचं काय? योवाना आतून बारीक आवाजात बोलली, बासिलियाने ते ओरडून वर पोचवलं. ती म्हणते, आम्ही कुठेही जात नाही. म्हाताऱ्याला असा वर अडकवून गेलो तर खाली उतरवणार कोण?

मी टोपलीची दोरी सोडून पुन्हा बांधली, दोनदा. गाठ सैल वाटत होती.

२४ जानेवारी, चार
टोपली आली. गरम पेज, दोन पुऱ्या, आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी. रेम्बेर्तोला बाहेर काढलं होतं तेव्हा तो जत्रेत जाऊन आला. कागद सोडला. प्लास्टरचा जिना. बोटभर. बाराच्या ठोक्याला धुरी दिलेला आहे, वास येतोय.

स्केल काढलं नाही. कागदावर लाल पेनने एवढंच लिहिलं: जिना बांधणे, खऱ्या इंजिनिअरला विचारून. शिक्का मारला नाही. कागद टोपलीत घालून खाली सोडला.

हिलारिओन तिकोना.

सहा वाजले. कासिमीरो शिडी घेऊन अजून आलेला नाही. बाळ रडतंय. पाळणा इथे वरच राहिलाय, खिडकीशी. टोपलीत मावत नाही.