पाटी आधी, परीक्षा मागून

आबा,

पाटी लावायची तुम्ही फार घाई केलीत. मी रशियातून डॉक्टर होऊन आले त्याच आठवड्यात कळमनुरीच्या पेंटरकडून ती रंगवून घेतलीत आणि दारावर ठोकलीत. बाहेर शिकलेल्यांना इथली परीक्षा पास झाल्याशिवाय नोंदणी मिळत नाही, असं मी दहादा सांगितलं. तुमचं एकच, "व्हईल की पास! पाटीची काय तकलीफ हाय तुला?" मी नापास झाले. पाटी तशीच राहिली.

ती दुपार अजून अंगावर येते. तुम्ही सरकारी दवाखान्यात ड्रेसर, मी तुमचा डबा घेऊन आलेय. एकुलते एक डॉक्टर मीटिंगला गेलेत. नाग चावलेल्या एका तरुण मेंढपाळाला त्याचे भाऊ टेम्पोतून आणतात. सापाची लस तुम्हीच टोचता, पण त्याच्या पापण्या मिटत चालल्यात, श्वास अडकतोय. "पोरी, घशात नळी घाल. घाल लवकर!" मी म्हणते, "आबा, नोंदणी न्हाई माझी. जेलात टाकतील." तुम्ही अशी थोबाडीत मारलीत की कानातलं फरशीवर पडलं. "माणूस मरून राहिला अन् तू कायदा सांगून राहिली!" मी हलले नाही. तो मेला.

त्याचा थोरला भाऊ माझ्याकडं वळला. "हिच्याच दारावर पाटी हाय ना? मग काहून हात लावला न्हाई?" त्यानं सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. तुम्ही आडवे आलात. "मीच लावू दिला न्हाई तिला," असं धडधडीत खोटं बोललात. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा मी नुसता आवाज ऐकला, कारण मी टेबलाखाली होते. मग सगळेच तुमच्यावर तुटून पडले. लाथा, बुक्क्या, शिव्या, फरशीभर रक्त. तिथून जाऊन त्यांनी पाटीही फोडली.

तुमचं मनगट वाकडंच जुळलं. ज्या हातानं हजारो पट्ट्या बांधल्या, त्याला सदऱ्याची गुंडी लागेना. तरी भेटेल त्याला सांगायचात, "सरकारनं माझ्या लेकराचे हात बांधले, न्हाई तर वाचवला असता तिनं." मी तिसऱ्या खेपेला पास झाले, तेव्हा तुम्हाला जाऊन वर्ष झालं होतं.

आता बाहेर शिकून आलेल्या पोरापोरींची तपासणी मीच करते. प्लॅस्टिकच्या पुतळ्याच्या घशात नळी घालून दाखवल्याशिवाय त्यांच्या प्रशिक्षणाच्या कागदावर सही करत नाही. काल एक मुलगी रडायला लागली, "मॅडम, आम्ही नुसतं बघितलंय." मी कागद परत केला. तिचा बाप आला आणि माझ्या टेबलाची काच बुक्कीनं फोडली. "आमच्या हट्टा गावाला डॉक्टर मिळंना, अन् तयार पोरीला तुमी अडवून राहिलात!" त्याच्या हातातली काच काढून मी पट्टी बांधली. तो शेवटपर्यंत शिव्या देत होता.

म्हणून लिहायला बसले. धाडायचं कुठं, हे ठाऊक असूनही. आबा, नोंदणी असती तरी मी नळी घातली नसती. मला ती घालता येतच नव्हती. तिकडं सहा वर्षांत एकदाच पाहिली होती, पंधरा जणांच्या मागं टाचा उंचावून. तुमचा हात मोडला तेव्हा हे बोलले नाही, तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही नाही.

आणि खरं सांगू? तुमची थोबाडीत बसली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मला येत नाही, हे तुम्हाला कळलं नव्हतं.