अर्धा तिळगूळ हर्षाचा

नंदनवन, नागपूर
५ जानेवारी २०२५

चि. वैदेहीस मधुसूदनकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हसून विषय बदलतेस. कागदावर ती सोय नाही. संस्कृतात समुद्राला रत्नाकर म्हणतात, आणि आमची पुतणी मालवणला त्याच्या तळाशी जाऊन मच्छीमारांची हरवलेली जाळी कापून आणते. बरं. पण खोली अठरा मीटर, हे तू बोलून गेलीस आणि माझं चित्त थाऱ्यावरून उडालं. आमच्या चौकातली पाण्याची टाकी साधारण तेवढीच उंच. येता-जाता मान वर करून बघत राहतो. दूधवाल्याला वाटतं, टाकी गळते.

सावनेरला दादांची समजूत आहे की आपली लेक किनाऱ्यावर प्लास्टिक वेचते. खरं सांग, खाली कधी अडकलीस का? उत्तर आलं नाही तर दादांना सांगायला सावनेरची बस धरतो. काकू म्हणते, पोरीले काहून भेववून राहिले! भ्यालो आहे तो मी.

लोभ ठेव, उत्तरासकट.
मधुसूदनकाका

मालवण
११ जानेवारी

ती. काकांस सा. नमस्कार, वि. वि.

अडकले होते. गेल्या सोमवारी पायातलं फिन जाळ्यात गुंतलं. ओढलं की आणखी आवळतं. हर्षा जोडीला होती, तिनं कापलं. एकटीनं उतरायचं नाही, हा आमचा नियम. त्याच जाळ्यात एक कासव मेलेलं होतं. अर्धं जाळं अजून खडकावर आहे. एकोणीस तारखेच्या रविवारी गावातले मच्छीमार होड्या देताहेत, तेव्हा काढू. बाबांना आज कळलं तर रविवारी मी सावनेरला असेन. ठरवा तुम्हीच. काकूला म्हणावं तिळगूळ पाठव. तुमचं बोलणं गोड नसलं तरी चालेल.

रागावलात तरी तुमचीच,
वैदेही

नंदनवन
१५ जानेवारी

चि. वैदेहीस आशीर्वाद.

काल तुझं पत्र खिशात घालून सावनेरला निघालो, आणि फाटकाशीच थांबलो. गच्च्यांवर संक्रांतीच्या पतंगांची ‘ओ काट’ चालली होती. समोरच्या कडुनिंबात नायलॉन मांजात एक पिंगळा उलटा लटकत होता. खाली गल्ली हळहळत उभी. मांजा कुणाचा, हे अर्थात कुणालाच ठाऊक नाही. शेवटी मीच शिडी लावली. पिंगळा सुटला, आभार म्हणून माझं बोट फोडून गेला. उतरायला बघतो तर मांजा माझ्याच पायाला. ओढणार होतो, तुझं वाक्य आठवलं. काकू दोन्ही हातांनी शिडी धरून माझा उद्धार करत होती. ती होती म्हणून माझे हात मोकळे राहिले, कात्री चालली.

बस चुकली. आज पुन्हा मिळाली असती, गेलो नाही. दादांना तूच सांग. रविवारनंतर, पण सांग. तिळगूळ पाठवतो आहे, अर्धा हर्षाचा.

टाकीकडे बघत बसलेला,
मधुसूदनकाका

ता. क. काकूचा निरोप तुला नाही, हर्षाला आहे: शिडी सोडू नको वं.