पहिल्या गोलाची मिठी

४ डिसेंबर
मेलबर्न. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या क्लबने एका वर्षाच्या करारावर घेतलं. वर्षभरात मुख्य संघात चमकलो तर पुढचा करार, नाहीतर गावी, कॅनिव्हाला, बाबांच्या मटणाच्या दुकानात. ‘नाहीतर’चा प्रश्नच नाही. संकल्प: पहाटे साडेपाचला उठणे. बिअर बंद.

५ डिसेंबर, सकाळी ११
आठला उठलो. विश्रांती हाही सरावच. दोन किलोमीटरच्या धावचाचणीत शेवटून दुसरा. शेवटचा माझा खोलीतला सोबती रीगन. त्याचा गुडघा बांधलेला होता, पण हरवलं ते हरवलं.

२० मार्च
मोसम सुरू. मुख्य संघात नाव नाही. कोच टर्नली म्हणाले, तुझ्या बाबतीत घाई नको. म्हणजे मला जपून ठेवतायत. रीगन म्हणाला, अरे, लोणचंसुद्धा कधीतरी बरणीतून काढतात.

१७ मे
राखीव संघातून खेळलो. चेंडू तीनदा हाती आला. वारा फार होता. दोन्ही संघांना होता, पण मला जास्त. एक बिअर.

११ जुलै
बाबांचा फोन. दर शुक्रवारी तेच: उद्या दुकान बंद ठेवून तुझा सामना बघायला येऊ का रे? म्हटलं, पुढच्या शनिवारी. गिऱ्हाइकं त्यांना टोमणे मारतात म्हणे: काय डेस, तुझं दुकान काही शनिवारी बंद होईना!

२१ ऑगस्ट
निवड झाली!! पाच जण जखमी, एकाला बाळ झालं. शेवटी गुणवत्ता लपत नाही. मोसमातला शेवटचा सामना. आमच्यात रीतच आहे, नवख्याने पहिला गोल मारला की अख्खा संघ मिठी मारायला धावतो. आरशासमोर हात पसरायचा सराव केला. लाथेचा उद्या.

२३ ऑगस्ट, दुपारी १२
जर्सी बाबांच्या हस्ते मिळाली. भाषण लिहून आणलं होतं, पण पहिल्याच ओळीला रडले. मलाही भरून आलं.

संध्याकाळी ६
बदली खेळाडू होतो. शेवटची सहा मिनिटं मिळाली. आम्ही पाच गुणांनी मागे. चेंडू झेलला, समोर तीस मीटरवर गोलचे खांब. मधून गेला तर सहा गुण, बाजूने गेला तर एक. लाथ मारताक्षणीच कळलं, गोल! पाठ फिरवली, बाबांकडे बघून हात पसरले. संघ धावत निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. एकच गुण. मी हात खाली घेईपर्यंत मी ज्याला अडवायचं तो त्यांचा गडी पलीकडे जाऊन गोल करून मोकळा.
वारा होता.

२८ ऑगस्ट
कोचची भेट. नव्या कराराच्या माझ्या अटी लिहून नेल्या होत्या. ते म्हणाले, मुलगा चांगला आहेस तू. चार मिनिटांत बाहेर. कागद खिशातच राहिला. गाडीत बसून खूप रडलो.

७ सप्टेंबर
कॅनिव्हा. बाबांना म्हणालो, मला हा खेळ येत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणालो. ते म्हणाले, तू बारा वर्षांचा होतास तेव्हाच कळलं होतं मला. विचारलं, मग दर शनिवारी इतक्या लांब सामन्यांना का न्यायचात? म्हणाले, गाडीत तू माझ्याशी बोलायचास.
उद्या सोमवार. दुकान सातला उघडतं.