एकतीस मार्चचा चारा

२ फेब्रुवारी

काल बजेट झालं. संशोधनाला म्हणे प्रचंड रक्कम! आण्णासाहेबांनी — आमचे प्राचार्य — स्टाफरूममध्ये आकडा मोठ्यानं वाचला. त्यात शून्यं किती, यावर दहा मिनिटं वाद. शिवप्रिया मॅडम कोपऱ्यात डबा खात होत्या. "छान झालं," म्हणाल्या. अगदी मनापासून! आणि यांच्या शेळ्यांच्या प्रकल्पाचा तिसरा हप्ता ऑगस्टपासून अडकलाय. दोन लाख दहा हजार फक्त. एकोणतीस वर्षं मी या कॉलेजचं अकाउंट सांभाळतेय, मला काही 'छान झालं' म्हणता आलं नाही.

१० फेब्रुवारी

दिल्लीला फोन. सातव्यांदा. "पोर्टलवर बघा." पोर्टलवर काय, तर 'प्रक्रियेत'.

पूर्वी चेक यायचा. उशिरा का होईना, कॉलेजच्या खात्यात पडायचा. आता पैसा दिल्लीतच राहतो, आपण लागेल तसा काढायचा आणि एकतीस मार्चला उरेल तो गेला! शिवाय आता सगळा कल मोठ्यांकडं. मोठी संस्था, मोठं यंत्र, सोबत एखादी कंपनी. शेळीला कुठली कंपनी मिळणार? मी तणतणले तर मॅडम म्हणतात, "शामलाताई, मोठी यंत्रंही लागतातच की देशाला." अशा बाईशी भांडावं तरी कसं!

१५ फेब्रुवारी

मॅडमच्या स्कूटीवर मागं बसून भूमकडच्या वस्तीवर गेले. पेट्रोल त्यांच्याच पैशाचं. कंबर मोडली, पण गेले ते बरं केलं.

द्वारकाबाईंच्या चाळीस शेळ्या. बाभळीला वजनकाटा टांगलेला, शेळीला झोळीत घालायचं, वजन वहीत. दर रविवारी — अडीच वर्षं, एकही खाडा नाही! स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मॅडम इथं होत्या, हे द्वारकाबाईंनीच सांगितलं.

वजन मॅडम करतात, पण वंशावळ द्वारकाबाईंना तोंडपाठ. "ही बांडीची लेक. बांडी भुंडीची. भुंडीनं पाणी नव्हतं त्या साली बी दोन करडं दिली हुती, मॅडम, लिवा." मॅडम विद्यार्थिनीसारख्या लिहून घेतात. वर "आजी, बांडीची मोठी बहीण कुणाकडं गेली?" असं विचारतात. दोघी एकमेकींना इतका मान देतात की मला उगाच भरून आलं.

मी विचारलं, यातून निघणार काय? मॅडमनी झाडाखालीच समजावलं. कोरड्या सालातही जी जुळी देते आणि वाळत नाही, ती कोणत्या वंशाची, हे कळलं तर तिचीच पैदास वाढवता येईल. पण त्यासाठी एक पुरतं कोरडं साल वजनात यायला हवं. अडीच वर्षं त्याचीच वाट पाहिली. ते यंदा आलंय. आणि यंदाच चाऱ्याला पैसा नाही!

२ मार्च

द्वारकाबाईंचा मुलगा रणधीर कॉलेजात आला. "मॅडम, आता माझ्यानं न्हाय व्हायचं. कडबा लई महाग झालाय. बकरी ईदच्या आधी इकतो समद्या, उमरग्याला हायवेवर हाटेल टाकतो." बोलला अदबीनं, पण ठरवून आला होता. त्याचं तरी काय चुकलं? मॅडमनी महिनाभर थांबायला सांगितलं. तो गेल्यावर त्यांनी वही उघडून महिनाभराच्या चाऱ्याचा हिशोब मांडला.

८ मार्च

परीक्षेची ड्यूटी असूनही वस्तीवर जाऊन आल्या. संध्याकाळी चेहरा उन्हानं लाल. वहीत याही रविवारी खाडा नाही!

२७ मार्च

आला! हप्ता आला! पण चार दिवसांत खर्च करायचा. त्यात सुट्ट्या. म्हणजे जेवायला बसवायचं आणि पहिल्या घासाला ताट ओढायचं.

मॅडमनी हिशोब केला. आत्तापर्यंत पदरमोड करून आणलेला आणि महिनाअखेरपर्यंत लागणारा चारा अडतीस हजारांचा. बाकी एक लाख बहात्तर हजार? आण्णासाहेब म्हणाले, "खुर्च्या घ्या, दोन कॉम्प्युटर घ्या, बिलं मी आणवतो." वाईट हेतूनं नाही म्हणाले. मार्चअखेर सगळीकडं हेच चालतं. मीही म्हटलं, निदान उन्हाळ्याच्या चाऱ्याचं बिल आत्ताच लावू.

"जो चारा आलाच नाही, त्याचं बिल कसं लावायचं, ताई? माझ्या वहीत एक खोटं वजन नाही. मग बिल कसं खोटं चालेल?"

बावळट बाई! घरी येऊन भाकरी थापतानाही चिडचिड चालूच. आणि त्याच वेळी वाटत होतं, एकोणतीस वर्षांत असं माणूस एकदाच पाहिलं.

३१ मार्च

मी केलं ते.

मॅडमच्या डिजिटल सहीचा डोंगल माझ्याच ड्रॉवरमध्ये असतो, पासवर्डही मलाच ठाऊक. विश्वासानं दिलाय. माझा मावसभाऊ वैजनाथ, येडशीला त्याचं चाऱ्याचं दुकान. त्याच्याकडून एक लाख बहात्तर हजारांचं कडब्याचं बिल घेतलं आणि दुपारी पैसे वळते केले. चारा तो दर आठवड्याला वस्तीवर पोचवेल, थेट पावसाळ्यापर्यंत. एक रुपया कुणाच्या खिशात नाही. सगळं शेळ्यांच्याच पोटात जाणार. मग यात खोटं ते काय? फक्त तारीख.

६ एप्रिल

मॅडमना सांगितलं, वैजनाथ उधारीवर चारा द्यायला तयार आहे, पुढचं पुढं बघू. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ताई, लोक किती चांगले असतात हो!"

मी फाइलीत डोकं खुपसलं.

२९ मे

ईद झाली. एकही शेळी विकली गेली नाही. रणधीर स्वतः काट्याशी उभा राहून आकडे सांगतो म्हणे!

१४ जून

आज मीही वस्तीवर होते. अख्खा उन्हाळा कोरडा गेला आणि भुंडीच्या वंशातल्या नऊपैकी सात शेळ्यांना जुळी! बाकीच्या कळपात अशा दोनच. मॅडम आकडे तीन-तीनदा तपासत होत्या. द्वारकाबाई म्हणाल्या, "म्या सांगतच हुते की!" "व्हय आजी, तुम्हीच सांगत होता," मॅडम म्हणाल्या, आणि शोधनिबंधावर द्वारकाबाईंचं नाव आपल्या नावाआधी घालायचं तिथंच ठरवलं. त्यावर आमच्या कॉलेजातले हसतील. हसू देत! आता पुढच्या पाच वर्षांचा प्रस्ताव जाणार.

८ जुलै

दिल्लीहून तपासणीचे साहेब आले. एका दिवसात एवढा कडबा? उतरवला कुठं? साहेबांनी बिल मॅडमच्या पुढं सरकवलं. मॅडम ते पहिल्यांदाच पाहत होत्या. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला निवृत्तीला आठ महिने राहिलेत, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणाल्या, "मीच लावायला सांगितलं होतं."

साहेबांनी लिहून घेतलं. आता पाच वर्षं मॅडमना सरकारी पैसा मिळणार नाही.

मी समोरच बसले होते. तोंड उघडलं नाही.