कुलपातला आवाज

२८ एप्रिल २००६, शुक्रवार
अंगणात उन्हात वाळणाऱ्या आंब्याच्या साठांवर रसाचा तिसरा हात घातला. रस गोड आहे, ते कावळ्यांनाही कळलंय. मु.अ. (निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, घरात अजून मुख्याध्यापकच) खिडकीशी संगणकापुढे पहाऱ्याला. कावळा उतरला की माउस दाबायचा, आतून आवाज: "सुलभा, कावळे!" क्र. ८८. सकाळपासून अकरा वेळा अंगणात धावले.

कॅन्सरमुळे घशातलं स्वरयंत्र काढलं त्याला वर्ष उलटलं. श्वास गळ्याच्या भोकातून. वाटलं होतं, आता तरी... पण ऑपरेशनआधी महिनाभर दार लावून बसले आणि २१२ वाक्यं संगणकात बोलून ठेवली. वहीत क्रमांक घालून, शाळेचं वेळापत्रक केल्यासारखी. "चहा." "पंखा कमी कर." "कोण आलं होतं?" क्र. ३७: "अक्कल गहाण टाकलीस का?" हे दिवसातून तीन-चारदा. एकतीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकलं, आता यंत्रातून.

दुपारी शोकेसच्या खणातल्या तीन चकचकीत सीड्या दोऱ्याने काठीला टांगल्या. मासिकाबरोबर फुकट येतात त्यातल्या. कावळे पळाले. ८८ बंद. स्वतःवर खूश.

१९ मे, शुक्रवार
सकाळी चहाचा हुकूम नाही. साडेसात वाजले तरी नाही. जाऊन बघते तर मु.अ. माउस दाबतायत, दाबतायत, संगणक ढिम्म. आवाजाच्या सगळ्या फायली गायब. त्या जागी एकच मोठी फाइल आणि इंग्रजीत चिठ्ठी. मु.अ.नी पाटीवर लिहिलं: "पुसताना काय दाबलंस?" फडक्यापलीकडे मी त्या यंत्राला हात लावत नाही, म्हटलं तसं. पाटी पुसली आणि तेच परत लिहिलं, मोठ्या अक्षरात.

रुबिनाला बोलावलं. नाक्यावर तिचा कॉम्प्युटर क्लास, नवरा कुवेतला. वाक्यांची बटणं तिनंच मांडून दिली होती. सरांची विद्यार्थिनी. सातवीत गणित चुकलं म्हणून सरांनी वर्गाबाहेर ओणवं उभं केलं होतं, ते एरवी हसून सांगते. आज चिठ्ठी वाचून हसली नाही. "काकी, कोणा भामट्यानं आपल्या फायलींना कुलूप मारलंय. पासवर्ड हवा तर माझ्या दुकानातून औषधं विकत घ्या म्हणतो. आणि पोलिसांत जाऊ नका म्हणे."

औषधं! आमच्या फ्रिजचा अख्खा कप्पा औषधांचा आहे.

२० मे, शनिवार
आलं कुठून ते सापडलं. मु.अ.नीच ई-मेल उघडली होती, गळ्यावर नवीन औषध निघालंय अशी. त्यासोबतची फाइलही. रुबिनानं त्यांच्यासमोरच सांगितलं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. या वेळी ३७ त्यांना वाजवून दाखवावंसं वाटलं, पण तेही कुलपात.

मग पाटी: "घ्या औषधं." रुबिना म्हणाली, "सर, चोर ते. घेऊनही किल्ली देतील याची काय खात्री?" तिच्या सूचना मी लिहून घेतल्या. अनोळखी मेलबरोबर आलेलं काही उघडायचं नाही. व्हायरस पकडणारा प्रोग्राम दर आठवड्याला नवा करायचा (आमचा दिवाळीपासून तसाच). कामाच्या फायलींची एक प्रत संगणकाबाहेर, वेगळ्या जागी. आणि कुलूप लागलेली फाइल पुसायची नाही, कधी ना कधी किल्ली मिळते. त्या फाइलची प्रत ती क्लासवर घेऊन गेली.

"प्रत" ऐकल्यावर मु.अ. ताडकन उठले. पाटी: "अनघाची सीडी!" लेक दिवाळीला पुण्याहून आली तेव्हा सगळे आवाज एका सीडीवर भरून गेली होती. कुठे ठेवली? शोकेसच्या खणात.

मी अंगणातल्या काठीकडे पाहिलं.

२१ मे, रविवार
तिन्ही सीड्या काठीवरून सोडून क्लासवर नेल्या. नाव पाकिटावर होतं, सीडीवर काही नाही, आणि पाकिटं मी केरात टाकलेली. मासिकाच्या दोन व्यवस्थित चालल्या. अनघाची तेवढी गेली. घरी भरलेली सीडी ऊन सोसत नाही म्हणे, आतला रंगच उडतो. तीन आठवडे टांगली होती.

घरी येऊन सांगितलं. लपवलं नाही. पाटीवर एक शब्द: "मुद्दाम."

मुद्दाम नव्हतं. इथे लिहून ठेवते. मला कुणी विचारणार नाही.

२४ मे, बुधवार
घर शांत. पाणी हवं तर उठून येतात. पाटीवर लांबलचक लिहायचा कंटाळा, म्हणून बोलणीही चार शब्दांत आटपतात. आणि मी पाठ करून उभी राहिले तर पाटी वाचणार कोण? आज तशीच उभी राहिले. टेबलावर पाटी आपटली, तीनदा. मी फोडणी घालत होते.

हे मुद्दाम होतं. बरं वाटलं.

२८ मे, रविवार
अनघाचा फोन. एरवी रविवारी मु.अ. रिसीव्हर स्पीकरला लावून क्र. २०१ वाजवतात: "काय रे लबाडा, आजीला विसरलास?" नातू ओम साडेतीन वर्षांचा. दर वेळी तेच ऐकतो, दर वेळी खिदळतो. आज रिसीव्हर कानाला लावून नुसते उभे, गळ्यातून फुसफुस. मग माझ्या हातात दिला. ओम म्हणतो, "आजोबा बोलत का नाहीत? रागावलेत?" मी म्हटलं, "हो रे." का म्हटलं कुणास ठाऊक. ते शेजारीच उभे होते. नंतर खोलीत जाऊन बंद संगणकासमोर बसले.

२ जून, शुक्रवार
रिपोर्ट आला. परत उद्भवलंय, फुप्फुसात. डॉक्टर माझ्याशीच बोलले. आवाज नाही म्हणजे माणसाला कानही नाहीत असं धरून. "दिवाळीपर्यंत बघू या." मु.अ. समोर बसून ऐकत होते. रिक्षात पाटी काढली: "ओमसाठी आवाज हवा." हुकूम नव्हता तो. मी बाहेर बघत राहिले, पावसाळी चपलांचं दुकान, मासळीवाल्या, काहीही. घर येईपर्यंत पाटी मांडीवर तशीच होती.

६ जून, मंगळवार
रुबिनाचा फोन. "काकी, क्लासवर या. मिळाला."

त्या मेल्यांनी जगभर सगळ्यांना एकच किल्ली लावली होती म्हणे. कुणीतरी प्रोग्रामातून खणून काढली आणि इंटरनेटवर टाकली. तीस अक्षरं-आकडे. रुबिनानं तिच्याकडच्या प्रतीवर घातले आणि २१२ फायली एकामागून एक बाहेर आल्या. मला हेडफोन लावून दिला आणि ती पलीकडे शिकवायला गेली.

मु.अ.ची वही नेली होती. शेवटच्या पानांवर मथळा: "किरकोळ". तिथे क्र. १४० ते १४२ नुसतेच क्रमांक, पुढे वाक्य नाही.

१४०: "आमटी छान झालीय, सुलभा."
१४१: "दमलीस. बस जरा."
१४२: "पाय दुखतात का गं?"

आवाज मऊ. १४०च्या आधी खाकरलेत, एकदा चुकलं ते परत म्हटलंय, नीट यावं म्हणून.

चौदा महिने. रोज आमटी. एकदाही दाबलं नाही.

बोलून ठेवलंच नसतं तर म्हटलं असतं, या माणसाजवळ हे शब्दच नाहीत. होते. बोटाखाली होते. रडू आलं नाही. राग आला, हेडफोन ओढून काढला. रुबिनानं पाणी आणलं. "सरांना मी सांगू?" मी म्हटलं, "मी सांगते." नवी सीडी करून दिली तिनं, नाव सीडीवरच, जाड पेनानं.

७ जून, बुधवार
नाही सांगितलं.

९ जून, शुक्रवार
सीडी साठांच्या डब्यात, तळाशी. सकाळी पाटी: "रुबिनाचं काही?" म्हटलं, "नाही." एकतीस वर्षांत त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते, हिंमतच नव्हती. सोपं असतं की.

खोकला वाढलाय.

रुबिनाला फोन केला. "हव्या तेवढ्याच फायली संगणकात घालता येतात का गं?" ती म्हणाली, "येतात की. कुठल्या घालू?" म्हटलं, "खुणा करून देते." मग म्हणाली, "सरांचा आवाज आहे तो, काकी." ओणवी उभी राहिलेली पोर मला हे सांगते.

जेवणं झाल्यावर वही घेऊन बसले. लाल पेन त्यांचंच, उत्तरपत्रिका तपासायचं. २०१, बरोबर. १४०, १४१, १४२, बरोबर. चहा, फुली. पंखा, फुली. ८८, फुली, दोनदा. ३७ वर पेन टेकवलं आणि हात पुढे सरकेना. ही फुली मारल्यावर उरतो तो माणूस कोण, मला ओळखता येईना. त्या तीन वाक्यांच्या माणसाला मी कधी भेटलेलेच नाही.

पलीकडे पाटी आपटली. गेले नाही. परत आपटली, हळू. आता चपला वाजतायत, स्वतःच उठून येतायत. मधे खोकायला थांबलेत. वही उघडी आहे, शेजारी लाल पेन. झाकायला वेळ आहे अजून.