मान तेवढी राहिली

६ जानेवारी, देऊळगाव राजा

पोचले. जालन्याच्या बसमधून उतरले तेव्हा ऊन कोवळं होतं. स्टँडसमोर हुरडा विकणाऱ्या बाईने न मागता मूठभर दाणे हातावर ठेवले. गाव आवडायला एवढं पुरे.

महाविद्यालयात राज्यशास्त्राचे तास मिळाले आहेत. ‘तासिका तत्त्वावर’, म्हणजे तत्त्व सरकारचं आणि तासिका आमच्या. यावर एकदा जोरात बोलायचं आहे, पण आज नको. आज खोली मिळाल्याचा आनंद आहे. बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत, तळमजल्यावर, एकही पायरी नाही. माझ्या गुडघ्यांचं आणि पायऱ्यांचं जन्माचं वैर आहे. घरमालकीण जनकाबाई साठीच्या असतील. मूळ माहेर उंद्रीचं, आता इथे एकट्याच. त्यांनी आल्या आल्या ठेचा-भाकर पुढे ठेवली आणि माझ्या बोटांतल्या चांदीच्या कड्यांकडे पाहत राहिल्या.

या कड्यांकडे सगळेच बघतात. बोटं मागे वळून निसटू नयेत म्हणून त्या प्रत्येक पेरावर बसवलेल्या आहेत. लोक दागिना समजतात. जनकाबाईंनी मात्र विचारलं, यानं बोट सटकत नाही का?

मी घास हातात धरून बसले. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

११ जानेवारी

पुण्याच्या डॉक्टरांनी रोजची नोंद ठेवायला सांगितली आहे : कोणता सांधा, कसा निसटला. तर आधी आजाराचं नाव लिहून ठेवते. एहलर्स-डॅनलॉस. शरीराला बांधून ठेवणारी जी ऊती असते, सांध्यांचे बंध, कातडी, रक्तवाहिन्यांच्या भिंती, तीच माझ्यात जन्मतः ढिली. विटा पक्क्या, चुना कच्चा.

हे आईकडून आलं. निंदताना तिचा खांदा निखळायचा. ती तो बाभळीच्या खोडावर दाबून बसवायची आणि पुन्हा पातीला लागायची. मुकादम तिला नाटकी म्हणायचा, सासू कामचुकार. दवाखान्यात सांगायचे, मनाचे खेळ आहेत. ती मेली तेव्हा तिलाही वाटत होतं की आपण कामचुकार आहोत. हे मी कुणालाही माफ करणार नाही.

म्हणून मी बोलते. गावोगाव, माईक असो-नसो. माझं शरीर माझं. त्याला हात लावण्याआधी मला विचारा, आणि मी हो म्हटलं तरच हो. मुलींकडून हे वदवून घेते. गंडेदोरे, अंगारे, अडाणी हाडवैद्य, सगळ्यांवर बोलले आहे.

डॉक्टरांचा एकच कडक नियम आहे. मानेला कुणालाही हात लावू द्यायचा नाही. न्हाव्याला नाही, मालिशवालीला नाही, हाड बसवणाऱ्याला तर मुळीच नाही. मेंदूकडे जाणारी शीर तिथून जाते आणि माझ्या शिरांचा भरवसा नाही.

१९ जानेवारी

पाण्याची बादली उचलताना उजवा खांदा निखळला. ओट्याशी बसले, घामाने भिजले. जनकाबाई आल्या. ओरडल्या नाहीत, शेजारी जमवले नाहीत. एरंडेल कोमट केलं, माझ्यासमोर उकिडवं बसून विचारलं, लावू का हात? तू हाव म्हनशीन तं लावतो, नाही तं नाही.

आजवर एकाही डॉक्टरने मला असं विचारलेलं नाही. मी हो म्हणाले.

खांदा आवाज न करता आत गेला. दुखणं थांबलं. कमी झालं नाही, थांबलं. मला रडू आलं, कारण दुखत नसतं तेव्हा कसं वाटतं हे मला ठाऊकच नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची पूनम अशीच होती. “लोकाइले वाटे पोरगी नखरे करते. मले मालूम होतं. म्याच बसवे तिचे सांधे, लहानपणापासून.” दुसऱ्या कुणाचं हाड त्यांनी कधी बसवलेलं नाही. पूनम चार वर्षांपूर्वी गेली. कशाने, ते मी विचारलं नाही.

२ फेब्रुवारी

दोन्ही खांदे, उजवं कोपर, डावा गुडघा, दोन्ही घोटे, कंबर. एकेक बसत गेलं. प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं, प्रत्येक वेळी मी हो म्हणाले. व्याख्यानांत ज्यांच्यावर कोरडे ओढले त्यांच्यापैकीच एकीच्या हाताखाली मी रोज दुपारी आडवी होते. लाज वाटते? वाटते. पण स्वतःशी युक्तिवाद केला आहे : जिने पोटच्या पोरीसाठी वीस वर्षं एक शरीर वाचलं, तिला अडाणी म्हणणारी मी कोण? युक्तिवाद चांगला आहे. टाळ्या पडतील असा.

बोटांना त्या हात लावत नाहीत. कड्या आहेत, बसलेलीच आहेत, म्हणतात.

आज गंमत झाली. व्हरांड्यातून येताना शिपाई शालिग्राम समोरून चहाचा ट्रे घेऊन येत होता. मला पाहिलं आणि ट्रे सुटला. ग्रंथपाल मुबीना हसत सुटली : मॅडम, काय चालता वं तुम्ही, मानसं घायाळ करून राह्यल्या! शालिग्राम हसला नाही. काचा तशाच सोडून निघून गेला.

१४ फेब्रुवारी

माझ्या चपलेचा अंगठा तुटला. जनकाबाईंनी पेटीतून पूनमची जोडी काढून दिली. माझं पाऊल मोठं आहे, येणार नाही म्हणाले.

आली.

घोटे आणि तळवे बसवल्यावर पाऊल आखडलं असेल. सपाट तळव्याला कमान आली की लांबी कमी होते. याला कारण आहे. प्रत्येक गोष्टीला कारण असतं.

पेटीत फोटोही होता. कढीपत्त्याच्या झाडाशी उभी असलेली मुलगी. डावी कंबर किंचित बाहेर, उजवं कोपर आत वळलेलं, एक खांदा उतरता. मी फोटो ठेवला आणि कपाटाच्या आरशात सहज पाहिलं.

डावी कंबर. कोपर. खांदा.

सरळ उभी राहायचा प्रयत्न केला. अंगातून कळ गेली. तशीच उभी राहिले तर मात्र काहीच दुखत नाही.

२३ फेब्रुवारी

आता विचार केला की कळतं. जनकाबाईंनी आयुष्यात एकच शरीर शिकलं. त्यांच्या हातांना दुसरं शरीर ठाऊकच नाही. माझा सांधा त्या ‘जागेवर’ बसवतात ती जागा माझी नाही. दुसऱ्या बाईची हाडं घट्ट असतात, ती ऐकणार नाहीत. माझी ऐकतात.

थांबायचं ठरवलं. दुपारी त्यांनी विचारलं तेव्हा नाही म्हणाले. त्यांनी लगेच हात मागे घेतले. बरं पोरी, म्हणाल्या. रागावल्या नाहीत.

६ मार्च

दहा दिवस नाही म्हणाले. सांधे ढिले झाले नाहीत. जिथे बसवले तिथेच आहेत.

आवाज मात्र बसला. परवा महिला दिनाचं भाषण आहे, साऱ्या तालुक्यातल्या मुली येणार आहेत, आणि घशातून नुसती हवा येते. काढा झाला, गुळण्या झाल्या. आवाज गेला तर माझ्याकडे दुसरं काय आहे? जनकाबाई म्हणाल्या, गळ्यालेबी कुर्चाच असते, तीबी सरकते, पूनमचीबी सरके. गळा, मान नाही, असं मी दोनदा बजावलं. मानेला हात लावत नाही म्हणाल्या.

हो म्हणाले.

दोन बोटं, कंठाशी, अगदी हलकी. आवाज आला. स्वच्छ. थोडा वरच्या पट्टीत.

८ मार्च

सभागृह भरलेलं. मी उभी राहिले, पहिलं वाक्य बोलले आणि अशी शांतता पसरली की मला वाटलं, जिंकलं. तासभर बोलले. माझं शरीर माझं. मुलींना म्हणायला लावलं. मुली म्हणाल्या. मागच्या रांगांतली गावातली माणसं एकमेकांकडे बघत होती. शालिग्राम दाराशी उभा होता, हात जोडून. भाषणाला कुणी हात जोडतं का?

टाळ्या पडल्या नाहीत.

मुबीना ग्रंथालयात तोंडावर ओढणी घेऊन बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, मॅडम, बोलू नका. लिहून सांगा. तुमचा आवाज आईकू येऊ देऊ नका मले.

ती पूनमच्या वर्गात होती.

९ मार्च

लिहून विचारलं. मुबीनाने सांगितलं.

पूनमची मान दुखायची. डोकं पेलवायचं नाही. आईला म्हणायची, एवढी मान बसवून दे. जनकाबाईंनी कित्येक दिवस नाही म्हटलं आणि एका दुपारी हो म्हटलं. कट् असा आवाज झाला, शेजाऱ्यांनी ऐकला. पोरगी संध्याकाळपर्यंत जगली. पोलीस आले, गेले. माय होती, काय करतीन?

मुबीनाने माझा हात धरला. माझ्या कड्यांवरून बोट फिरवलं. हे एवढंच तुमचं दिसते, म्हणाली. आत्ताच निंघा. उद्या नाही.

११ मार्च

निघाले होते. बॅग घेतली, स्टँडवर पोचले, जालन्याची बस लागलेली होती. पायरीवर पाय ठेवला आणि कंबर निखळली.

कंडक्टरने धरलं. मला दवाखान्यात न्या, असं म्हणायला तोंड उघडलं. म्हणाले : मायले बोलवा.

जनकाबाई समोरच रिक्षात बसलेल्या होत्या. बोलवायची गरज पडली नाही.

१२ मार्च

आज त्यांना सरळ विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. भांडी घासत होत्या, हात धुतले, समोर बसल्या. त्या दिवशी हात चुकला, म्हणाल्या. केसभर. “रोज हातानं हवेत करून पाह्यतो मी. आता नाही चुकत. सारं बसलं तुहं, बाई. मान तेवढी राह्यली.”

मी मरेन, म्हणाले. डॉक्टर, शीर, सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, तू हाव म्हनल्याबगर हात लावीन का?

खरं आहे. आजवर विचारल्याशिवाय लावलेला नाही. मग मी कशाला घाबरते? नाही म्हणायचं. एवढंच. आयुष्यभर हेच तर शिकवलं.

१३ मार्च

प्रसेनजितला फोन लावला, माझ्या भावाला. पुण्याहून गाडी घेऊन ये म्हणणार होते. त्याने दोन वेळा विचारलं, कोण बोलतंय? उत्पला, म्हणाले. त्याने फोन ठेवला. परत लावला, उचलला नाही. मेसेज लिहिला. हा फोन तू चोरलायस, ताईला परत दे, असं उत्तर आलं. फोटो पाठवला.

फोटोनंतर उत्तर नाही.

मुबीनालाही मेसेज केला. ती बीबी गावी, माहेरी गेली आहे. पोचेपर्यंत उद्याची दुपार होईल, म्हणाली. घरातच राहा. कायलेच हाव म्हनू नका.

मान दुखायला लागली आहे.

१४ मार्च, सकाळ

डोकं पेलवत नाही. हनुवटी हातावर टेकवून लिहिते. कवटी मणक्यावर डुगडुगते, भरलेली घागर काठीवर ठेवल्यासारखी. उजेड डोळ्यांत घुसतो. इतकं मले कधी —

मला. मला कधी दुखलं नाही.

आई, तू बाभळीवर खांदा दाबायचीस, ते खोडाला विचारत नव्हतीस. तुझं तू बसवायचीस. माझं मी का नाही —

दुपार

एरंडेलाचा वास. ओट्यावर वाटी चढली आहे.

मुबीना अजून नाही. बस बीबीहून निघाली म्हणाली होती.

त्या दारात आहेत. डोळे भरलेले. हात नाही लावत. नुसत्या उभ्या. विचारलं — लावू का?

नाही म्हणायला तोंड उघडलं. आवाज पूनमचा आहे. आवाज तिचा आहे आणि तिची मान दुखते, चार वर्षं दुखते आहे, तिला —

दात आवळून बसले. ओठ हाताने धरले.

परत विचारलं. पूनम, लावू का वं माय हात?

बोटं माझी आहेत. कड्या आहेत. बोटांना जनकाबाईंनी कधी हात लावला नाही. म्हणून इथे लिहिते, जो कुणी वाचेल त्याने वाचावं : मी हो म्हटलेलं नाही. उत्पलाने हो म्हटलेलं नाही. नाही. माझं शरीर —

घशातून आलं. हाव, माय. स्वच्छ. साऱ्या घरात ऐकू गेलं.

तिने ऐकलं. हसली. इतकं सुखाने —

दार वाजतं आहे बाहेर. मुबीना माझं नाव घेते आहे. माझं. मी ओ दिली आणि ती त्या आवाजाने गप्प झाली —

एक हात हनुवटीखाली. कोमट. दुसरा मागे, केसांत. मी लिहिते आहे, बघ, लिहिते आहे, नाही, नाही, ना